नटांच्या घरातला सीमर: काउंटी क्रिकेटची नोकरी असते तरी कशी?

2022 च्या उन्हाळ्यात उमेश यादव मिडलसेक्सकडून खेळायला गेला आणि मला रोज रात्री त्या संघाचं स्कोअरकार्ड उघडायची सवय लागली. नागपूरजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीत वाढलेल्या मुलाचं घरचं मैदान आता लॉर्ड्स आहे, एवढ्यासाठीही मी ते उघडलं असतं. पण त्या मोसमाची कार्डं चाळताना गोलंदाजांच्या यादीतलं दुसरंच एक आडनाव मनात राहून गेलं. बॅम्बर. हे आडनाव माझ्या ओळखीचं होतं, फक्त ते क्रिकेटमुळे नव्हतं.

बीबीसीने 1995 साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही मालिका केली. तिच्यात कॉलिन्स नावाचा एक पाद्री आहे. अति नम्र, अति बोलका, मुलीला मागणी घालतानाही मुद्दे मोजून सांगणारा. मालिका पाहिलेल्या माणसाला तो नायकाइतकाच आठवतो. ती भूमिका डेव्हिड बॅम्बर यांनी केली होती आणि मिडलसेक्सचा ईथन बॅम्बर हा त्यांचा मुलगा. आई ज्युलिया स्विफ्ट याही अभिनेत्री. आईचे वडील डेव्हिड स्विफ्ट अभिनेते, आईची आई पॉला जेकब्स अभिनेत्री. आजोबांचे भाऊ क्लाइव्ह स्विफ्ट यांना तर 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधला सोशिक नवरा रिचर्ड म्हणून ब्रिटनमधली घरंच्या घरं ओळखायची.

अशा घरातला मुलगा मध्यम-जलद गोलंदाज झाला. 2018 ते 2024 अशी सात वर्षं तो मिडलसेक्सकडे होता, 2025 पासून वॉरिकशायरकडे गेला. मिडलसेक्स सोडलं तेव्हा त्याच्या नावावर एकही कसोटी नव्हती आणि आयपीएलशी त्याचा संबंध आलेला नव्हता. आपल्याकडे कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग त्याने केलं काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. आपण क्रिकेटपटूचं आयुष्य दोनच खुणांनी मोजतो, भारताची टोपी आणि आयपीएलचा लिलाव. या दोन्हींशिवायही इंग्लंडमध्ये क्रिकेट ही एक पूर्ण वेळची, पगारी, सन्मानाची नोकरी आहे. ती चालते कशी, हे मला बॅम्बरच्या निमित्ताने समजावून सांगायचं आहे, कारण त्याची वाट त्या नोकरीच्या बहुतेक थांब्यांवरून जाते.

नकाशावर नसलेला संघ

सुरुवात 'काउंटी' या शब्दापासून. काउंटी म्हणजे इंग्लंड-वेल्समधला जुना परगणा. अशा 18 परगण्यांचे संघ प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळतात. त्यांची अधिकृत स्पर्धा, काउंटी चॅम्पियनशिप, 1890 मध्ये सुरू झाली. आपली रणजी त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी आली.

गंमत अशी की मिडलसेक्स नावाचा परगणा कारभाराच्या नकाशावर आता नाही. 1965 साली त्याचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये विलीन झाला. संघ मात्र त्याच नावाने खेळत राहिला. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत, शेजारच्या गुजरातेत बडोदा आणि सौराष्ट्र वेगळे खेळतात. सरकारी नकाशे बदलले तरी क्रिकेटने जुन्या सीमा सांभाळून ठेवल्या.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. लॉर्ड्स मिडलसेक्सच्या मालकीचं नाही. ते एमसीसीचं, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लब या जुन्या क्लबचं. मिडलसेक्स तिथला भाडेकरू आहे, त्यामुळे काही सामने त्यांना उपनगरांतल्या लहान मैदानांवरही खेळावे लागतात.

सन 2000 पासून चॅम्पियनशिपचे दोन विभाग आहेत. अलीकडच्या रचनेत वरच्या विभागात दहा संघ, खालच्यात आठ. प्रत्येक संघाचे चौदा सामने, प्रत्येक सामना चार दिवसांचा. दरवर्षी वरचे शेवटचे दोन संघ खाली येतात आणि खालचे पहिले दोन वर जातात. ही चढ-उतार एवढ्या ठळकपणे सांगतोय, कारण खेळाडूच्या नोकरीवर तिचा थेट परिणाम होतो. त्याकडे पुढे येऊच.

संघात शिरायची वाट

ईथन बॅम्बरचा जन्म डिसेंबर 1998 चा, लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरचा. शिक्षण शहराच्या उत्तरेकडच्या मिल हिल शाळेत. काउंटीचे संघ वयोगटांनुसार असतात, त्यातून निवडलेली मुलं अकादमीत जातात आणि अकादमीतून काही थोडी 'सेकंड इलेव्हन'मध्ये पोचतात.

सेकंड इलेव्हन म्हणजे काउंटीचा राखीव संघ. त्याचे सामने लहान क्लबांच्या नाहीतर शाळांच्या मैदानांवर होतात आणि बघायला येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्या सामन्यांत अठरा वर्षांचं पोरगं असतं, दुखापतीतून परत येणारा तिशीतला खेळाडू असतो आणि एखाद्या क्लबमधून 'जरा बघू या' म्हणून बोलावलेला चाचणीवरचा मुलगाही असतो. तिघांचंही वर्षाचं पोट त्या दोन-तीन दिवसांवर अवलंबून असू शकतं. आपल्याकडे याला नेमका जोड नाही. मुंबईतल्या क्लब क्रिकेटमधली चुरस त्याच्या जवळ जाते, पण तिथे करार नसतो.

2018 च्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक झाला. पृथ्वी शॉच्या कप्तानीखाली भारताने तो जिंकला, तो आपल्याला लख्ख आठवतो. त्याच स्पर्धेतल्या इंग्लंडच्या संघात बॅम्बर होता. कप्तान हॅरी ब्रूक, सोबत विल जॅक्स, टॉम बँटन. हे तिघे पुढे इंग्लंडच्या मुख्य संघात गेले. बॅम्बरने त्याच वर्षी मिडलसेक्सकडून चॅम्पियनशिपमध्ये पदार्पण केलं. वय एकोणीस.

एका फळीतली मुलं इतक्या लवकर वेगवेगळ्या रस्त्यांना लागतात, हे बघून मला आधी त्याच्याबद्दल वाईट वाटायचं. आता वाटत नाही. पृथ्वीचंच बघा. त्या फळीत त्याच्याइतका झगझगीत मुलगा दुसरा नव्हता. 2023 मध्ये त्याने नॉर्थम्प्टनशायरकडून सॉमरसेटविरुद्ध एकदिवसीय सामन्यात 244 धावा ठोकल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दुखापत होऊन तो घरी परतला. एकोणिसाव्या वर्षी दिसलेली चमक सत्ताविसाव्या वर्षाबद्दल फार थोडं सांगते.

पगार, करार, उसनवारी

भारतात रणजीपटूची कमाई मुख्यतः सामन्याच्या मानधनावर चालते. बीसीसीआयने 2021 मध्ये दर वाढवले. चाळीसहून जास्त प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या खेळाडूला मैदानावरच्या दिवसाला 60,000 रुपये मिळू लागले. अकरात असाल तर पूर्ण पैसे, बाहेर राखीव बसलात तर निम्मे, संघातच नसाल तर काही नाही.

काउंटीत माणूस नोकरीला असतो. करार एक, दोन किंवा तीन वर्षांचा आणि त्यात ठरलेला पगार. सामना खेळला नाही तरी पगार चालू. त्यामुळे तिथे 'निवड झाली का' या चिंतेपेक्षा 'करार वाढला का' ही चिंता मोठी. मोसम सप्टेंबरअखेर संपतो आणि साधारण त्याच दिवसांत कुणाकुणाचे करार वाढवले नाहीत त्याच्या याद्या बाहेर येतात. पंचविशीतला मुलगा, आठ-दहा वर्षं याच वाटेवर काढलेला, ऑक्टोबरात अचानक बेकार. खेळाडूंची संघटना, प्रोफेशनल क्रिकेटर्स असोसिएशन, 1967 पासून आहे. पगार-कराराच्या वाटाघाटींइतकंच महत्त्वाचं तिचं दुसरं काम म्हणजे अशा मुलांना पुढच्या शिक्षणाची, दुसऱ्या व्यवसायाची वाट शोधून देणं.

करारातलाच एक प्रकार म्हणजे उसनवारी, तिकडच्या भाषेत लोन. एखाद्या काउंटीकडे गोलंदाज जास्त झाले आणि दुसरीकडे दुखापतींमुळे कमी पडले, तर पहिली काउंटी आपला खेळाडू काही आठवडे दुसरीला देते. 2019 मध्ये बॅम्बर असाच मिडलसेक्सकडून ग्लॉस्टरशायरला गेला होता. बाहेरून बघणाऱ्याला हे संघातून काढून टाकल्यासारखं वाटतं. तरुण गोलंदाजाच्या दृष्टीने हिशेब उलटा असतो. घरच्या संघात बाकावर बसून नेट्समध्ये हजार चेंडू टाकण्यापेक्षा परक्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन खऱ्या सामन्यात शंभर चेंडू टाकणं कितीतरी मोलाचं.

'काउंटी कॅप'बद्दलही इथेच सांगतो, कारण बातम्यांत तो शब्द आला की घोळ होतो. भारताची कॅप पहिल्या सामन्याच्या सकाळी मिळते. काउंटीची कॅप तशी सरसकट पदार्पणाला मिळत नाही. बहुतेक काउंट्या ती काही मोसम मनासारखं खेळल्यावर देतात. नोकरीत कायम झाल्याचं पत्र हातात पडावं तसं ते आहे.

ओल, शिवण आणि उतार

आता गोलंदाजीकडे. या विषयातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

बॅम्बर हा उजव्या हाताने टाकणारा सीमर. सीम म्हणजे चेंडूची शिवण. चेंडू इतका सरळ सोडायचा की शिवण उभी राहील आणि टप्पा शिवणीवरच पडेल. पडला, की तो किंचित आत येतो किंवा किंचित बाहेर जातो. कुठे जाणार हे अनेकदा गोलंदाजालाही ठाऊक नसतं आणि फलंदाजाची अडचण नेमकी तीच असते. बॅट आधीच खाली यायला लागलेली असते आणि चेंडू दोन-तीन इंच हलतो. फार हलला तर बॅटच्या कडेला न लागता निघून जातो. थोडाच हलला तर स्लिपमध्ये झेल.

यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली चेंडू. इंग्लंडमध्ये ड्यूक्सचा चेंडू वापरतात. त्याची शिवण हाताने घातलेली, सहाही रांगा हाताच्या, म्हणून ती उठावदार असते आणि बराच वेळ तशीच राहते. ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुरा चेंडूच्या बाहेरच्या रांगा यंत्राने शिवतात, ती शिवण लवकर बसते. (हा ड्यूक्स बनवणारी कंपनी बरीच वर्षं दिलीप जजोदिया या भारतातून तिकडे गेलेल्या गृहस्थांच्या हातात आहे. इंग्लंडच्या क्रिकेटचं इतकं जिवाभावाचं काही आपल्या माणसाने सांभाळावं, याचा मला अभिमान वाटतो.)

दुसरी खेळपट्टी. मोसम एप्रिलात सुरू होतो. तेव्हा तिथे हवा गार असते, आभाळ झाकलेलं, जमिनीत ओल. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही. 1948 पासून भर पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर साधा मध्यमगती गोलंदाजही कसा खेळू देत नाही, हे त्या लीगमध्ये उभं राहिलेल्या प्रत्येकाने अंगावर घेतलेलं आहे. जुन्या जाणत्यांच्या मते इंग्लंडच्या दौऱ्याची सर्वांत चांगली तयारी हीच.

तिसरी गोष्ट गोलंदाज स्वतः, म्हणजे टप्पा आणि दिशा. सीमर ताशी साधारण सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटरने टाकतो. या वेगाला आंतरराष्ट्रीय फलंदाज घाबरत नाही. त्यामुळे चूक करायची मुभा नाही. चेंडू वीतभर आखूड पडला की कट, वीतभर पुढे पडला की ड्राइव्ह. मधल्या चटईएवढ्या जागेत, ऑफ स्टंपच्या माथ्याच्या अंदाजाने, दिवसात वीस-बावीस षटकं टाकायची. पहिल्या षटकात सगळेच टाकतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास, पायाला गोळे आलेले असताना, तीच जागा सापडते का, यावर पगार ठरतो.

लॉर्ड्सवर आणखी एक भानगड आहे. ते मैदान सपाट नाही. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे अडीच मीटरचा उतार आहे आणि तो खेळपट्टीला आडवा जातो. पॅव्हिलियनकडून टाकलं तर चेंडू उताराने उजव्या फलंदाजाच्या आत येतो. समोरच्या नर्सरी एंडकडून टाकलं तर बाहेर जातो. पाहुण्या गोलंदाजाला त्या उतारावर धावताना आपला तोल कुठे जातो हेच कळायला दोन दिवस जातात. मिडलसेक्सच्या सीमरला तो उतार अंगणासारखा पाठ असतो.

बॅम्बर संघात आला तेव्हा हे सगळं शिकवणारा माणूस त्याच्या शेजारीच टाकत होता. टिम मुर्ताग. वेग मध्यम, चेंडू टाकण्याआधीची धाव छोटी, पण प्रथम श्रेणीत नऊशेहून जास्त बळी. जुलै 2019 मध्ये आयर्लंडकडून खेळताना याच लॉर्ड्सवर मुर्तागने इंग्लंडचे पाच गडी 13 धावांत काढले. इंग्लंड 85 धावांत आटोपलं, तेही जेवणाच्या आत. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. ज्या उतारावर त्याने बारा-तेरा वर्षं नोकरी केली, त्याच उतारावर त्याला हे करता आलं.

आणि या विद्यापीठाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा विद्यार्थी श्रीरामपूरचा. 2006 मध्ये झहीर खान भारतीय संघाबाहेर होता. तो वूस्टरशायरला गेला. एका मोसमात त्याने 78 बळी घेतले. एसेक्सविरुद्ध एका डावात पहिले नऊही गडी त्याचे, दहावा यष्टीरक्षकाकडून झेल सुटला म्हणून राहिला. त्या सहा महिन्यांत त्याने उडी आणि धाव आखूड केली, रोजच्या रोज टाकून अंग बांधून घेतलं. पुढच्या वर्षी ट्रेंट ब्रिजवर त्याच ड्यूक्स चेंडूने त्याने सामन्यात नऊ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. काउंटीने त्याला वेगळी जादू दिली नाही. आठवड्यामागून आठवडा तेच काम करायला लावलं.

प्रयोगांची माणसं

इथे मला त्या नटांच्या घराकडे परत यावंसं वाटतं. बॅम्बर कुटुंबात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल, याची कल्पना मी करणार नाही. पण दोन्ही धंद्यांची घडण सारखी आहे, हे नाटक बघत वाढलेल्या मराठी माणसाला चटकन कळेल.

आपल्याकडे नाटकाच्या प्रत्येक खेळाला 'प्रयोग' म्हणतात. फार सुंदर शब्द आहे. संहिता तीच, हालचाली त्याच, तरी दर रात्री नव्याने करून बघायचं. शिवाजी मंदिरला झालेला प्रयोग आणि चिपळूणला झालेला प्रयोग वेगळा. सीमरचा प्रत्येक चेंडू असाच. चेंडू तोच, जागा तीच, समोरचा माणूस आणि हवा वेगळी. दौरे तसेच, सामानाची गाडी तशीच, आज लंडन तर चार दिवसांनी दुसरं गाव.

शिवाय डेव्हिड बॅम्बर हे चरित्र अभिनेते आहेत. त्यांना लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळालेला आहे, पण पोस्टरवर मोठा चेहरा बहुतेकदा दुसऱ्या कुणाचा असतो. अशा नटावाचून नाटक उभं राहत नाही, हे नाटकवाल्यांना माहीत असतं. सीमरचंही तसंच. शतकवीराचं नाव मथळ्यात येतं. सामना मात्र त्या गोलंदाजाने धरून ठेवलेला असतो, ज्याने दुपारभर एका बाजूने धावा दिल्या नाहीत.

दोन्ही धंदे एकाच वेळी थांबले, ते 2020 मध्ये. 16 मार्चला लंडनची नाट्यगृहं बंद झाली. एप्रिलात सुरू व्हायचा काउंटी मोसमही अडला. क्रिकेट 1 ऑगस्टला परत आलं, तेही रिकाम्या मैदानांवर. त्या वर्षी चॅम्पियनशिप झालीच नाही. तिच्या जागी बॉब विलिस ट्रॉफी नावाची छोटी स्पर्धा झाली, प्रत्येक काउंटीला पाच साखळी सामने. नाट्यगृहांना त्याहून कितीतरी जास्त वाट पाहावी लागली. 2021 मध्ये पूर्ण मोसम परतला आणि त्यात बॅम्बरने पन्नास बळींचा टप्पा ओलांडला. काउंटीच्या गोलंदाजासाठी एका मोसमात पन्नास बळी ही तीच रेघ आहे, जी फलंदाजासाठी हजार धावांची.

नट आणि क्रिकेटपटू यांची इंग्लंडमधली सर्वांत अजब गोष्ट उलट दिशेने गेलेली आहे. चार्ल्स ऑब्री स्मिथ हे ससेक्सचे गोलंदाज. त्यांची धाव इतकी वाकडी असायची की लोक त्यांना 'राउंड द कॉर्नर' स्मिथ म्हणत. मार्च 1889 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला ते आपली पहिली आणि शेवटची कसोटी खेळले, तीही इंग्लंडचे कप्तान म्हणून. पहिल्या डावात 19 धावांत पाच बळी घेतले आणि सामना जिंकला. नंतर ते रंगभूमीवर गेले, तिथून अमेरिकेत सिनेमात. रुबाबदार म्हाताऱ्या इंग्रजाच्या भूमिकांत त्यांनी मोठं नाव कमावलं आणि 1932 मध्ये हॉलिवूड क्रिकेट क्लब काढला. 1944 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांच्या काळात सुखवस्तू घरातला माणूस हौसेने क्रिकेट खेळायचा आणि पोटासाठी दुसरं काही करायचा. बॅम्बरच्या पिढीत क्रिकेट हीच पोटाची सोय आहे, म्हणून मला वाटतं दोघांची तुलना इथवरच न्यावी.

ऑगस्टमधली रिकामी जागा

काउंटीचा उन्हाळा सलग नसतो. एप्रिल-मे चॅम्पियनशिप, मग पांढऱ्या चेंडूचं ट्वेंटी-20 ब्लास्ट, ऑगस्टमध्ये 2021 पासून 'द हंड्रेड', मग सप्टेंबरात पुन्हा चॅम्पियनशिप. हंड्रेडमध्ये संघ आठच, तेही काउंट्यांचे नव्हेत, शहरांवर आधारलेले. तिथे निवडले गेलेले खेळाडू महिनाभर काउंटी सोडतात. त्याच महिन्यात काउंट्या आपसात पन्नास षटकांची स्पर्धा खेळतात, उरलेले आणि नवे खेळाडू घेऊन.

लाल चेंडूच्या सीमरची अडचण ही की त्याचं कसब जिथे सर्वांत उपयोगी, ते महिने मोसमाच्या दोन टोकांना ढकलले गेलेत. मधल्या उन्हाळ्यात पैसा आणि प्रेक्षक दुसरीकडे असतात. मला हे खटकतं. जून-जुलैच्या कडक खेळपट्टीवर चार दिवसांचं क्रिकेट कमी झालं, तर फलंदाज आणि गोलंदाज दोघेही अर्धवट तयार होतात.

इंग्लंडच्या निवडकर्त्यांनाही याची कुणकुण आहे, फक्त त्यांचा रोख वेगळा आहे. त्यांना ताशी 140 च्या वर टाकणारे हवेत, कारण ऑस्ट्रेलियात आणि भारतात सव्वाशेचा सीमर निष्प्रभ ठरतो. म्हणून 2023 पासून चॅम्पियनशिपच्या काही फेऱ्या मुद्दाम कुकाबुरा चेंडूने खेळवल्या गेल्या. 2023 मध्ये दोन, 2024 मध्ये चार. शिवण बसली की सीमरला वेगळं काही शिकावं लागेल, असा विचार. हेतू समजतो. पण ज्यांनी एका चेंडूवर, एका हवामानात वर्षानुवर्षं हात बसवला, त्यांचं कसब कमी प्रतीचं आहे असा जो सूर त्यातून निघाला, तो मला अन्यायाचा वाटतो. बॅम्बरसारख्याला कसोटी का मिळाली नाही, याचं उत्तर बरंचसं या वादातच आहे. त्याने कमी केलं म्हणून नव्हे, तर राष्ट्रीय संघाला त्या वेळी दुसऱ्या जातीचा गोलंदाज हवा होता.

घर बदलणं

आता त्या चढ-उतारीकडे. मिडलसेक्सने 2016 मध्ये चॅम्पियनशिप जिंकली, शेवटच्या दिवशी लॉर्ड्सवर टोबी रोलंड-जोन्सच्या हॅट्ट्रिकने. पुढच्याच वर्षी संघ खाली घसरला. बॅम्बर आला तो या दुसऱ्या विभागातल्या मिडलसेक्समध्ये. 2022 मध्ये ते वर चढले, 2023 मध्ये परत खाली. 2024 मध्ये खालच्या विभागात तिसरे राहिले, म्हणजे एका जागेने हुकले.

पंचविशीतल्या गोलंदाजाच्या डोळ्यांनी हे बघा. दर आठवड्याला कुणाला टाकायचं हे विभागावर ठरतं. वरच्या विभागात सकस फलंदाज, जास्त चर्चा, निवडकर्त्यांची नजर. करार संपत आला की दुसरी काउंटी रीतसर नोटीस देऊन खेळाडूशी बोलणी करू शकते. चोरून काही नाही, ठरलेली पद्धत आहे. 2024 नंतर बॅम्बर वॉरिकशायरला गेला, ती वरच्या विभागातली काउंटी. घरचं मैदान बर्मिंगहॅमचं एजबॅस्टन, छातीवर मिडलसेक्सच्या तीन कट्यारींच्या जागी वॉरिकशायरचं अस्वल. वयोगटापासून ज्या संघात वाढलो तो सोडणं सोपं नसणार, पण या नोकरीत बढती बऱ्याचदा अशीच मिळते, गाव बदलून.

पुढच्या एप्रिलमध्ये, आपल्याकडे उन्हाची काहिली आणि आयपीएलचा दणका चालू असताना, एकदा वॉरिकशायरचं स्कोअरकार्ड उघडा. गोलंदाजाच्या नावापुढे चार आकडे असतात: षटकं, निर्धाव षटकं, धावा, बळी. सवयीने नजर शेवटच्या आकड्यावर जाते. बॅम्बरच्या नावापुढे आधी दुसरा आकडा बघा. वीसपैकी सहा-सात षटकांत एकही धाव दिलेली नसेल आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला तीन बळी मिळालेले असतील, तर ते तीन कुणामुळे मिळाले, हे त्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाला माहीत असतं.